जित्तीचा सांगावा

साताऱ्याला ट्रेनिंगला होते तेव्हाची गोष्ट. लढाईनं नवरा नेला होता, आणि सातवी पास असल्यामुळं मला मास्तरीणबाईंच्या ट्रेनिंगला घेतलं होतं. स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं. खेड्यापाड्यातल्या अडाणी माणसांना शहाणं करून सोडायची सगळ्यांनाच भारी घाई झाली होती. अडाण्यांशी बोलावं कसं हे शिकवायला पुण्याहून एक विद्वान गृहस्थ यायचे. त्यांनी एके दिवशी फळ्यावर तीन चौकोन काढले. पहिल्यात लिहिलं ‘बोलणारा’, मधल्यात ‘बोलणं’, तिसऱ्यात ‘ऐकणारा’. मग पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत एक लांबलचक बाण ओढला आणि हात झटकत म्हणाले, “भगिनींनो, माणसामाणसांतल्या व्यवहाराचं सगळं मर्म एवढंच. बोलणारा स्पष्ट असला आणि बोलणं सोपं असलं, की अर्थ पोचलाच म्हणून समजा.”

मी उठून उभी राहिले. माझ्या शेजारणीनं पदर ओढला, तरी राहिले.

“ऐकणाऱ्यानं आधीच ठरवून टाकलं असलं तर, सर?”

“काय ठरवून टाकलं असलं तर?”

“हा काय बोलणार ते.”

गृहस्थ हसले. चष्मा पुसला. म्हणाले, “मग बोलणाऱ्यानं आणखी स्पष्ट बोलावं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणखी स्पष्ट! तोंडापर्यंत शब्द आले होते, पण वर्गात रडू फुटलं असतं, आणि रडणाऱ्या बाईचं बोलणं कुणी बोलणं म्हणून ऐकत नाही. खाली बसले.

पुढं नोकरीत आणि नोकरीनंतर मी या विषयावरची पुस्तकं हावऱ्यासारखी वाचली. एक शहाणा म्हणतो, अर्थ शब्दांत नसतो, ऐकणाऱ्याच्या डोक्यात असतो. दुसरा म्हणतो, काय बोललं यापेक्षा कोण बोललं याला वजन. तिसरा म्हणतो, गप्प बसणं हेसुद्धा बोलणंच. आणखी कुणी म्हणतो, ऐकणाऱ्याला उलटून विचारता आलं पाहिजे, नाहीतर सगळं बोलणं पाण्यात. एकमेकांशी हे लोक भांडतात किती, आणि सगळ्यांच्या पोटातून धागा तर एकच गेलेला! मला तो धागा पुस्तकं हातात येण्याच्या आधीपासून ठाऊक होता. फुकट नाही कळला. सरळच सांगते. माझी आई जिवंत होती, मरायच्या आधी एकदा मला बघावं म्हणून तळमळत होती, तिनं माणूस धाडला, त्यानं निरोप एक अक्षर न गाळता माझ्या सासरी सांगितला, आणि सासरच्यांनी ती मेली असं ठरवून टाकलं.

आमच्याकडं मेल्याचा निरोप मेला म्हणून सांगत नाहीत. कुणी गेलं की लेकीबाळींना, सोयऱ्याधायऱ्यांना कळवायला माणूस निघायचा. त्या निरोपाला सांगावा म्हणायचे. हे काम गावकीनं महारवाड्याच्या माथी मारलेलं. ऊन असो, चिखल असो, कोसच्या कोस तुडवत त्यांनी जायचं, सोयऱ्याच्या अंगणाच्या कडेला उभं राहायचं आणि म्हणायचं, “पाव्हणं, तुमच्या मामाचं जास्त हाय, बिगीनं चला.” घरातल्यांनी विचारायचं, “जित्तं हाय न्हवं रं?” त्यानं म्हणायचं, “व्हय, हाय की. पर तुमी चला.” विचारणाऱ्याला ठाऊक, सांगणाऱ्याला ठाऊक, की मामाची माती होऊन गेलेली आहे. तरी दोघंही हे बोलायचे. वाटेनं माणसाचे पाय चालले पाहिजेत, म्हणून. आता यात माया नाही असं मी म्हणणार नाही. माया होतीच. पण या मायेपायी झालं असं, की खरोखरच आजारी असलेल्या माणसाचा निरोप पोचवायला आमच्याकडं वाटच उरली नाही. हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण नुसत्या आजारपणाला कुणी माणूस धाडतच नसे.

माझं सासर कडेगावच्या बाजूला. तेव्हा कडेगाव साताऱ्यातच मोडायचं, सांगली म्हणजे संस्थान. घर खाऊनपिऊन सुखी होतं. विहिरीवर ऊस, दावणीला बैल, आणि धाकटा मुलगा, म्हणजे माझा नवरा, पलटणीत. तो तेव्हा समुद्रापलीकडं कुठंतरी होता. घरात मामाजी म्हणजे सासरे, आत्याबाई म्हणजे सासूबाई, आणि लग्नाला आलेली नणंद.

त्या घरात कुणी कुणाशी बोलायचं याचे कायदे होते. सुनेनं मामाजींशी बोलायचं नाही. चहा झाला तर मी मांजराला सांगायची, “मांजरा, च्या निवतोय बघ.” मामाजी बैठकीतून उठून यायचे, चहा प्यायचे आणि भिंतीला सांगायचे, “उद्या मळ्यात चार भाकरी जास्त लागतील म्हणावं.” भिंतीचं मी ऐकायची. हसू येतं ना? मलाही यायचं, पहिलं वर्षभर. मग कळलं, की मांजराला सांगता येतं, विचारता येत नाही. प्रश्न माझ्या वाटणीला आलाच नव्हता. आल्यागेल्यांना आत्याबाई कौतुकानं सांगायच्या, “शिकल्याली हाय, पर तोंड न्हाई बगा तिला.” शहाण्यांच्या पुस्तकात तो उलटा बाण असतो ना, ऐकणाऱ्याकडून बोलणाऱ्याकडं जाणारा, तो आमच्या घरात असा पुसून टाकलेला होता.

माझी आई मात्र तोंडाची फाटकी. लोणंदच्या पुढं आमचं गाव. मी पाळण्यात असताना वडील गेले. आईनं भावकीच्या नाकावर टिच्चून आपला जमिनीचा तुकडा राखला आणि मला सातवीपर्यंत शिकवलं. “पोरीला शिकवून काय कलेक्टर करतीस व्हय गं?” असं कुणी म्हटलं, की म्हणायची, “व्हय, करती. तुझ्या घरावर जप्ती आणायला.” तिला दुसरं कुणी नव्हतं. एक मी.

त्या वर्षी तिला हिवताप धरला आणि सुटेना. क्विनीन सगळं लढाईवर गेलेलं. वैद्याच्या पुड्या झाल्या, अंगारे झाले. शेजारची काकू तिचं सगळं करत होती. आईनं ओळखलं, की आता काही खरं नाही. मला बोलवायचं ठरलं. पण बोलवायचं कसं, यावर ती दिवसभर विचार करत होती, हे काकूनं मला नंतर सांगितलं.

पत्र टाकावं, तर माझ्या सासरच्या गावाला टपाल बाजारच्या दिवशी यायचं, आणि आलेलं पत्र आधी मामाजींच्या कोपरीच्या खिशात जायचं. काकू म्हणाली, तार करू. तर आई उठून बसली म्हणे. “तार नगं गं बया! त्यांचं पोरगं लढाईवर हाय. तारवाला दारात दिसला तर त्या माउलीचं काळीज फुटंल.” तापानं फणफणलेली बाई, आणि विहिणीच्या काळजाचा विचार करत होती! ऐकणाऱ्याचा विचार करून बोलावं, असं सगळी पुस्तकं सांगतात. माझ्या अंगठेबहाद्दर आईनं तो केला, आणि तोच तिच्या मुळावर आला. तार गेली असती तर सगळ्या घरानं बोंब मारली असती, पण उघडून वाचली असती. मला कळलं असतं.

तार नको म्हटल्यावर राहिला माणूस. तरणी पोरं एकतर पलटणीत, नाहीतर मुंबईला गिरणीत. शेवटी आईनं आबाला बोलावलं. आबा महारवाड्यातला, म्हातारा, पण चालायला काटक. मला लहानपणापासून आक्का म्हणायचा. त्याच्या वाड्यातल्या पोरांनी सांगावं न्यायचं सोडलं होतं. मेलेली ढोरं ओढणार नाही, सांगावं नेणार नाही, असं त्यांनी पाटलाच्या तोंडावर सांगितलं होतं, आणि बरंच केलं होतं. आबाचा मुलगा बापाशी त्यावरून भांडला, की आता कशाला जातोस. आबा म्हणाला, “ह्यो गावकीचा सांगावा न्हाई. वैनीनं बलवून इचारलंय. मी माझ्या मनानं जातोय.”

पण निघण्याआधी त्यानं आईला सांगितलं होतं. “वैनी, म्या दारात हुबा ऱ्हायलो की लोक मेलंच समजत्यात.”

आई चिडली. “मग सांग की जित्ती हाय म्हून! तोंड हाय का न्हाई तुला? म्हणावं जित्ती हाय, शुद्धीवर हाय, बोलतीया, आन् मला लेकीला बगायचंय.”

आबा लोणंदहून रेल्वेत बसला, ताकारीला उतरला आणि तिथून माझ्या सासरच्या गावापर्यंत चालत आला. पोचला तो नेमका नणंदेच्या हळदीच्या दिवशी. अंगणात मांडव, आंब्याच्या डहाळ्या, जात्याला बांधलेली हळकुंडं. साखर रेशनवर असल्यामुळं परसात गुळाच्या लापशीचं मोठं पातेलं चढलेलं. आणि मांडवाच्या कडेला एक घामानं निथळलेला म्हातारा येऊन उभा राहिला. पुढचं मला आबानंच नंतर सांगितलं, आणि त्याच्या सांगण्यात खोट नव्हती.

मामाजींनी विचारलं, “कुठनं आलास रं?”

“लोणंदाकडनं. सूनबाईंच्या म्हायारचा.”

एवढ्यानंच सगळा मांडव गप्प झाला. आबानं अजून निरोपाला तोंडही लावलं नव्हतं. पण तो कोण, कुठून आला आणि कुठं उभा राहिला, एवढ्यात मंडळींचं ऐकून झालं होतं.

“आवं दादा,” आबा म्हणाला, “सूनबाईंची आई आजारी हाय. जित्ती हाय. शुद्धीवर हाय. लेकीला बगायचं म्हनती.”

“बरं बरं. हळू बोल.”

“जित्ती हाय जी. म्या सोता बोलून निगालोय तिच्यासंगं.”

“व्हय रं. कळलं आमाला.”

आबाच्या ध्यानात आलं, की यांना कळलेलं नाही. त्यानं मग माणसानं जे करावं ते केलं. “पोराची आण घेऊन सांगतो दादा, जित्ती हाय ती!”

आणि तिथंच सगळा घात झाला. भावकीतला एक म्हातारा मान हलवून म्हणाला, “च्च. नुसत्या दुखन्याला पोराची आण कोन घेतंय? गेली बिचारी.” आबा जितका जीव तोडून सांगायला लागला, तितकी माझी आई मरत गेली. खोटं बोलायचा रिवाज असला, की खऱ्याला वेगळे कपडे नसतात. आबानं आणखी काय करायला हवं होतं, ते मला कुणीतरी सांगावं. मी आज इतक्या वर्षांनीही विचार करते, आणि मला सुचत नाही.

मग मंडळींची मसलत बसली. लेकीला आईबापाचं तीन दिवसांचं सुतक. सुतक माणूस मेल्यापासून नाही लागत, कानावर आल्यापासून लागतं. म्हणजे माझ्या कानावर घातलं, तर हळदीच्या घरात सुतकी बाई, आणि नवरीच्या अंगाला तर हळद लागलेली. नाही घातलं, तर सुतक नाहीच. “तिच्या कानावर घालू नगा,” मामाजी म्हणाले. “मेल्यालं मानूस काय कुटं जातंय? माती झाली आसंल. अक्षता पडू द्या, वरात निघू द्या, मग दहाव्याला धाडू.”

आत्याबाई आतल्या खोलीत जाऊन रडल्या. हे मी त्यांच्या बाजूनं सांगते, कारण खरं आहे. माझ्या आईवर त्यांचा जीव होता. जिवंत बाईसाठी त्या पदर तोंडात कोंबून रडल्या आणि डोळे पुसून पुन्हा लापशीपाशी येऊन बसल्या. वाईट माणसं नव्हती हो ती! मेल्यांना शिव्याशाप देऊन मोकळी झाले असते, तेही सुख मला मिळालं नाही.

मी तेव्हा मागच्या पडवीत अक्षतांचे तांदूळ निवडत होते. आत्याबाई आल्या आणि म्हणाल्या, “दोन भाकरी आन् भाजी दे. भाईर कुणी वाटसरू आलाय.” मी दिल्या. वर गुळाचा खडाही ठेवला, लग्नघर म्हणून. आबानं तो माझ्या हातचा गूळ खाल्ला, मांडवाबाहेर बसून. त्यानं विचारलं होतं, “मला आक्काला एकडाव भेटू द्या.” भावकीतला कुणी म्हणाला, “लगीनघरात? तू?” झालं. मग मामाजी स्वतः त्याला वेशीपर्यंत सोडायला गेले, आणि म्हणाले, “निरोप पोचला म्हणून सांग तिकडं.”

आबानं तेच जाऊन आईला सांगितलं. लग्नाच्या मांडवाचंही सांगितलं, पण त्या मंडळींनी काय समजलं ते काही त्याच्या तोंडून निघालं नाही. “निरोप पोचला, वैनी.”

“आक्काला सांगितलंस?”

“घरच्यास्नी सांगितलं.”

“मग येतीया ती,” आई म्हणाली. काकूकडून बाज दारापाशी ओढून घेतली, रस्त्याकडं तोंड करून. लोणंदची गाडी यायच्या वेळेला ती म्हणे पदर नीट करून बसायची.

इकडं लग्न दणक्यात चाललं होतं. मी हळद वाटली, पुरणपोळ्या लाटल्या, नणंदेच्या हातावर मेंदी काढली. पण काहीतरी बिनसलंय हे मला दिसत होतं. मी चुलीपाशी गेले की बायका बोलायच्या थांबायच्या. आत्याबाईंनी मला आधी जेवायला बसवलं, सुनेला! ताटात तूप जास्त वाढलं. एका चुलतसासूनं उगाचच पाठीवरून हात फिरवला. मी मनाशी पक्कं धरलं, की नवऱ्याचं काहीतरी बरंवाईट झालंय, तार आली आहे आणि लग्न होईपर्यंत दाबून ठेवली आहे. सगळं घर माझ्याशी न बोलता बोलत होतं, ते मी नीट ऐकत होते, आणि ऐकून भलताच अर्थ लावत होते. विचारणार कुणाला? मांजराला? रात्रंदिवस कपाळावरचं कुंकू चाचपत मी तसंच काम रेटलं.

वरात गेली. मांडव ओका झाला. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी मला जवळ बसवलं, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, “तुझ्या आईचं जास्त हाय गं. म्हायारी जाऊन ये.”

मला आधी हायसं वाटलं. देवाशपथ, हायसं वाटलं. नवरा सुखरूप आहे, एवढंच आधी डोक्यात शिरलं. आणि मग दुसऱ्या श्वासाला कळलं, की आई गेली. जित्ती आहे का, हेही मी विचारलं नाही. सातवी शिकले म्हणून काय झालं, मी त्याच मातीतली. आत्याबाईंनी मला पोटाशी धरलं, बायका जमल्या, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून हंबरडा फोडला.

मामाजी मला पोचवायला निघाले. गाडीत समोरच्या बाकावर बसले होते. शेनोली गेलं, कराड गेलं. मी खिडकीला डोकं टेकून रडत होते. एका स्टेशनात ते उतरले, पानात बांधलेली भजी घेऊन आले, आणि माझ्याकडं बघून, भिंतीकडं नाही, खिडकीकडं नाही, माझ्याकडं बघून म्हणाले, “पोरी, दोन घास खा.” माझ्याशी बोललेले त्यांचे ते पहिले शब्द. आई मेलेल्या सुनेशी बोलायला हरकत नसावी. मी भजी खाल्ली. चांगली होती, आणि त्याचाही मला राग आला.

लेक माहेरच्या मातीला येते तेव्हा तिनं वेशीपासून रडत यायचं असतं. मुकाट्यानं आली तर लोक नावं ठेवतात, की आई मेली तरी डोळ्याला पाणी नाही. मला रिवाजाची गरज नव्हती, माझं रडू खरंच होतं. पण गळा रिवाजाचा होता. वेशीतल्या लिंबाखाली पोचले आणि पदर तोंडावर घेऊन मी टाहो फोडला. “आई गं, मला टाकून कशी गेलीस गं! आता मला कोण गं! माझं माहेर बुडालं गं!” मामाजी माझ्यामागून मान खाली घालून, डोक्याचं मुंडासं सोडून खांद्यावर टाकून चालत होते, मयताला आल्यासारखे.

आमचं घर वेशीपासून हाकेच्या अंतरावर. काकू धावत आली. माझ्या तोंडावर हात ठेवला. “अगं गप! गप बस! जित्ती हाय तुझी आई!”

मी ते ऐकलं. स्पष्ट ऐकलं. टाहो फोडणाऱ्या लेकीला बायका असंच काहीबाही सांगतात, धीर यावा म्हणून. मी तिचा हात झटकला आणि आणखी मोठ्यानं रडायला लागले. तशीच रडत, आईच्या गुणांचे पाढे वाचत, दारापर्यंत गेले.

दारात बाज होती. बाजेवर आई होती. डोळे उघडे होते.

ती माझ्याकडं बघत होती. मग माझ्यामागं उभ्या असलेल्या मामाजींकडं, त्यांच्या खांद्यावरच्या मुंडाशाकडं बघितलं. हाडांचा सापळा झाला होता तिचा, पण आवाज ओळखीचा होता.

“झालं का रडून? का आजून ऱ्हायलंय?”

मी तिच्या पायांवर पडले. “आई, मला कुणी सांगितलंच नाही गं!”

“निरोप पोचलाय. आबानं सांगितलंय मला.”

“मला नाही पोचला!”

“घरात पोचला, आन् घरातल्या घरात तुला पोचला न्हाई?” ती दम घ्यायला थांबली. “लगीन हुतं न्हवं. जेवलीस न्हवं पोटभर?”

मी मामाजींकडं बघितलं. घरचे कायदे, मांजर, भिंत, सगळं खड्ड्यात गेलं. मी ओरडले, “मामाजी, सांगा तिला! तुम्ही सांगा!”

मामाजींचा चेहरा राखेसारखा झाला होता. दोन पावलं पुढं आले. “इहीनबाई,” ते म्हणाले, “सूनबाईचा काय बी दोष न्हाई. आमीच तिला सांगितलं न्हाई. आमाला वाटलं...” आणि थांबले. पुढचा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. समोर बसलेल्या जिवंत बाईला, तू मेलीस असं वाटलं, हे कसं म्हणायचं? आमच्यात मेलेल्यालासुद्धा मेला म्हणत नाहीत. आई वाट बघत होती. मी वाट बघत होते. शेवटी ते म्हणाले, “लगीन हुतं,” आणि अंगणात जाऊन बसले.

आईनं मान हलवली. तिला हवं ते उत्तर मिळालं होतं.

“ऐक ना, आई,” मी म्हणाले, आणि सगळं सांगायला लागले. आबा आल्याचं मला कसं कळू दिलं नाही, घरच्यांनी काय समजलं असणार, पडवीत मी कशी तांदूळ निवडत होते, आज सकाळी आत्याबाई काय म्हणाल्या. माझंच मला ऐकू येत होतं, आणि ऐकताना ते एखाद्या चुकार पोरानं रचून सांगावं तसं वाटत होतं. आईनं मध्येच काकूकडं तोंड वळवलं.

“पाव्हणीला च्या ठेव गं,” ती म्हणाली. “लांबनं आलीया.”

त्यानंतर ती दोन दिवस होती. काकूशी बोलली. आबा अंगणात येऊन बसला, तर त्याला भाकरी खाऊन जा म्हणाली. माझ्याशी बोलली नाही. मी तिच्या उशाशी बसून पुन्हा पहिल्यापासून सगळं खरं सांगत होते, आणि ती डोळे मिटून ऐकत होती. गेली तेव्हा तिचा हात काकूच्या हातात होता.